बाबांच्या ताटातलं मीठ

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रस्ता खोदल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानातला फोन मुका झालाय हे कळलं. एका अर्थी बरंच झालं. फोनवर आई फक्त जेवलीस का विचारते आणि रडायला लागते; पत्रात तू निदान घरचं सगळं सांगतेस.

इथे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला रसायनशास्त्र आहे. बाकीच्या मुली कुरकुरतात, की आपण पट्ट्या बांधायला आलो, ही सूत्रं कशाला घोकायची? मला मात्र या तासाची वाट पाहावीशी वाटते. आमच्या बाई फळ्यावर मूलद्रव्यांचा तक्ता काढतात आणि एकेका घरात कोण राहतं ते सांगतात, अगदी तू चाळीतल्या बिऱ्हाडांबद्दल सांगतेस तसं. परवा सोडियम आणि पोटॅशियम झालं. दोघं एकाच रांगेत, एकाखाली एक. दोघांच्या बाहेरच्या कक्षेत एकेकच इलेक्ट्रॉन, आणि तो देऊन टाकायला दोघंही उतावीळ. मला वाटलं, या तर सख्ख्या बहिणी!

आत्या, मला लगेच बाबा आठवले. त्यांचा रक्तदाब, पायांची सूज, आणि डॉक्टर म्हणाले होते ना, की मूत्रपिंडं जरा मंदावलीत, मीठ तोडा. मीठ कमी केलं की बाबा ताट सरकवतात आणि आई हळूच पुन्हा मीठ घालते. पण त्रास मिठातल्या सोडियमचा असतो. त्याच्या जागी बहीण बसवली तर? इथल्या औषधांच्या दुकानात असं पोटॅशियमचं मीठ मिळतं. सोबतच्या पुडक्यात तेच आहे. साध्या मिठाची बरणी माळ्यावर टाक आणि सगळ्यांनी हेच खा. आईला सांग, की हे माझं पहिलं औषध आहे, नाही म्हणायचं नाही.

बाबांना आणि आईला नमस्कार. तुझा लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढला तर मी बिघडेन.

तुझी,
ठकी


११ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

डॉक्टरीणबाईंचं पुडकं पोचलं. दादाने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि पोस्टमनला सांगितलं, की हे मीठ माझ्या मुलीने शोधून काढलंय. मी म्हटलं, शोधलं नाही, दुकानातून आणलंय. तर मला म्हणाला, की काजं-बटणांपलीकडे तुला काय कळतं! घ्या. त्याच्या सदऱ्याची बटणं तुटली की मग माझं शास्त्र आठवतं.

पहिल्या दिवशी तुझ्या हुकमाप्रमाणे सगळ्यांच्या जेवणात तेच मीठ पडलं. मी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या शोधला. अगं, जिभेवर पत्रा ठेवल्यासारखं लागतं. वहिनीनेही तोंड वाकडं केलं, पण पान संपवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने आपलं डोकं चालवलं. आपल्याला साधं मीठ पुरे, आणि लेकीने एवढ्या लांबून पाठवलेली वस्तू दादाच्याच पानात पडली पाहिजे. तुझी आई तुला ठाऊकच आहे. दुधावरची साय, भाजीतला मऊ बटाटा, पिशवीतलं बिनडागाचं फळ, सगळं त्याच्याच ताटात जातं, तर हे का नाही? आता त्याची भाजी वेगळ्या पातेल्यात शिजते. खारटपणा नीट उतरत नाही म्हणून चमचा चढता, आणि जेवताना वरून एक चिमूट. दादा नाक न मुरडता खातो. म्हणतो, औषध कडूच असायचं.

आणि खरं सांगू का, सूज उतरलीय. चपलेचा पट्टा परत जुन्या भोकात लागतो. त्यालाही हुरूप आलाय. गावाबाहेरच्या उंच पाण्याच्या टाकीला रंग द्यायचं काम त्याने धरलंय. परांची बांधून झाली. या वयात वर चढू नकोस म्हणून मी बडबडले, तर म्हणाला, की आता घरात डॉक्टर आहे, पडलो तर जोडेल.

तू जेवत जा. इथलं सगळं ठीक. आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वर्गात बाकाखाली धरून वाचलं आणि मोठ्याने हसले, म्हणून उभं राहावं लागलं. चालेल. चपलेचा पट्टा जुन्या भोकात लागला हे वाक्य मी शेजारच्या मुलीलाही दाखवलं. आपल्या घरातलं कुणी कधी शाळेच्या पुढे गेलं नाही, आणि मी गेले त्याचा बाबांना असा उपयोग झाला! आता वाटतं, आपल्या सगळ्या चाळीला मला शिकवता येईल. लोक अज्ञानाने आजारी पडतात, आत्या, दुसरं काही नाही.

आईला सांग, चमचा चढता असला तरी काही हरकत नाही. त्यात सोडियम नाही, मग भीती कशाची? उलट पोटॅशियम रक्तदाबाला चांगलंच असतं, असं मी वाचलं. म्हणून बाबांना रोज दोन केळी आणि जमलं तर संत्र्याचा रस दे.

काल आम्ही अनुमापन केलं. खालच्या बाटलीत आम्ल आणि रंग दाखवणाऱ्या द्रावणाचे थेंब, वरच्या नळीतून थेंबथेंब अल्कली सोडायची. कितीतरी वेळ काही होत नाही. पाणी आपलं पाण्यासारखं. मग एक थेंब पडतो आणि सगळी बाटली गुलाबी होते. माझा हात घाईत सुटला आणि रंग गडद झाला. बाई म्हणाल्या, की आता हे फेकून पुन्हा पहिल्यापासून. जास्त पडलेला थेंब परत काढता येत नाही. मला फार हळहळ वाटली.

डॉक्टरांनी बाबांची गोळी बदलली, असं तू मागे ओझरतं लिहिलं होतंस. ती कसली ते कळव, मी वहीत लिहून ठेवीन. बाबांना म्हणावं, टाकीवर सांभाळून.

सगळ्यांना नमस्कार. माझी आठवण रोज काढायची नाही, एक दिवसाआड काढली तरी पुरे.

ठकी


२४ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हे पत्र शिंप्याच्या दुकानात, काजं करायच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून लिहितेय. घरी दादासमोर लिहिता येत नाही; काय लिहितेस म्हणून मान वाकडी करून बघतो.

तुझी केळी चालू आहेत. पण दादा मला बरा दिसत नाही. सूज उतरली, तोंडावरचा फुगवटाही गेला, मग माणसाने टवटवीत दिसावं की नाही? परवा ठेच न लागताच उंबऱ्यात अडखळला. पाय उशीचे झालेत, म्हणाला, आणि स्वतःच हसला. जिना चढून आला की चपलांसकट खाटेवर बसतो. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, की छातीत काहीतरी अडखळतं, तुझं शिवणयंत्र चालता चालता एक टाका सोडतं ना, तसं. बोटांना मुंग्या येतात. काल टाकीवर त्याच्या हातातून ब्रश खाली पडला. पस्तीस वर्षं रंगारी आहे, ब्रश पडलेला मी ऐकला नव्हता. बरोबरच्या माणसांनी चेष्टा केली, की म्हाताऱ्याने टाकीऐवजी माती रंगवायला घेतली.

वहिनी म्हणते, अशक्तपणा आहे. तिने दोनाची तीन केळी केली आणि रसाचा पेला मोठा केला. मीठही सढळ घालते, तू हरकत नाही म्हणालीस ना. डॉक्टरकडे चल म्हटलं तर दादा म्हणतो, टाकी होऊ दे. ठकीचं मीठ सुरू आहे, तोवर मला काय होतंय!

गोळीचं विचारलंस. औषधवाल्याला विचारून आले. ही गोळी अंगातलं पाणी आणि मीठ लघवीवाटे काढते, पण दुसरं काहीतरी अंगात धरून ठेवते, म्हणाला. त्या दुसऱ्याचं नाव त्याने सांगितलं, मी घरी येईस्तोवर विसरले.

पुडकं संपत आलं. दुसरं पाठव. आणि ठके, एक सांगू? तुला काळजीत टाकायला हे लिहिलं नाही, पण लिहिल्यावर मलाच काळजी वाटायला लागली.

उत्तराला उशीर लावू नकोस, एवढंच आत्याचं मागणं.

आत्या


तार
२८ ऑगस्ट

नवं मीठ, केळी, रस लगेच बंद. बाबांना वर चढू देऊ नका. आजच दवाखान्यात न्या. रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा. ठकी


२८ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

तार या पत्राच्या आधी पोचेल. पोचलीच पाहिजे. तारखात्यातल्या माणसाने शब्द मोजले तेव्हा मला त्याचा हात धरून हलवावासा वाटला.

आज सकाळी बाई शरीरातल्या क्षारांवर बोलल्या. म्हणाल्या, की सोडियम आणि पोटॅशियम कागदावर बहिणी आहेत, पण शरीर त्यांना कधीच एक समजत नाही. सोडियमची जागा पेशीच्या बाहेर, पोटॅशियमची आत. आतबाहेरच्या या फरकावर स्नायू हलतात, आणि हृदयही एक स्नायूच आहे. रक्तात पोटॅशियम थोडं वाढलं, तरी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. पण मूत्रपिंडं मंद असतील तर ते साठत जातं. आधी पाय जड होतात, मग हातापायांतलं बळ जातं, मग ठोके चुकतात. आणि मग, बाई म्हणाल्या, काही वेळा पुढची सूचना मिळतच नाही. त्यांनी फळ्यावर हृदयाच्या आलेखाची रेघ काढली, आधी टोकदार, मग पसरट, आणि खडू खाली ठेवला.

मी वहीत सगळं लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात, आत्या! खाली रेघही मारली. मूत्रपिंडं हा शब्द लिहिताना बाबा आठवले, तरी मी स्वतःला समजावलं, की बाबांना काही त्रास नाही, पट्टा जुन्या भोकात लागतोय. वसतिगृहात आले तर खिडकीत तुझं पत्र होतं.

पायांच्या उश्या, सुटलेला टाका, पडलेला ब्रश. तू सगळं लिहिलंस. आणि औषधवाल्याने सांगितलेलं ते दुसरं काहीतरी, ज्याचं नाव तू विसरलीस, ते पोटॅशियमच आहे. गोळी ते धरून ठेवते, मूत्रपिंडं टाकत नाहीत, आणि मी ते चमच्याने, केळ्याने, पेल्याने बाबांच्या अंगात भरायला सांगितलं. चढता चमचा असला तरी हरकत नाही, हे मी लिहिलंय. माझ्या हाताने.

सगळ्यांनी खाल्लं असतं तर इतकं त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आलं नसतं. पण आईने चांगलं ते त्यांच्यासाठी राखून ठेवलं. तिला यातलं काही बोलू नकोस. ती माझ्यावर विसंबली होती.

मी निघणार होते. वॉर्डनबाई म्हणाल्या, की प्रवास दोन दिवसांचा, तू वाटेत असताना तार आली तर तुला कुठे गाठायचं? म्हणून थांबलेय. बरोबर केलं का ते कळत नाही. आज काहीच कळत नाही.

तुझी,
ठकी


३० ऑगस्ट

ती. आत्यास,

नमस्कार राहिला, क्षमा कर. अजून उत्तर नाही. आज पोस्टमन दोनदा आला, सगळ्यांची नावं पुकारली. फाटकाशी सायकल थांबली तेव्हा तारवाला समजून मी जिना उतरत सुटले. ती स्वयंपाकीणबाईंच्या भावाची होती.

जेवणाच्या टेबलावर मिठाची वाटी असते, मला तिच्याकडे बघवत नाही. शेजारची मुलगी म्हणाली, की तू मुद्दाम थोडंच केलंस! मला समजावायलाच म्हणाली. पण पेशीला मुद्दाम आणि चुकून यातला फरक कळतो का? सारखं मनात येतं, की तार पोचली तेव्हा बाबा टाकीवर असतील. रात्री स्वप्नातही ते वरच होते; चांगलं स्वप्न असतं तर त्यात ते घरी असते.

काहीही असलं तरी कळव. काहीही.

ठकी


१ सप्टेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

माझी तार मिळाली असेलच. दादा दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे, परिचारिकांवर खेकसतो आहे. हे आधी वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

तुझी तार एकोणतीसला सकाळी आली. घरात वहिनी एकटी होती. तिला वाचता येत नाही, आणि तार म्हणजे वाईट एवढंच तिला ठाऊक. तिला वाटलं, तुलाच काही झालं. शेजारी वाचून घ्यावी, तर खरं कळेल म्हणून घाबरली. न फोडता मांडीवर धरून बसून राहिली. दादाचा डबा त्याआधीच गेला होता, त्यात तीच भाजी आणि तीच केळी. मी दुपारी जेवायला आले तेव्हा ती तशीच भिंतीला टेकलेली. मी तार फोडली आणि चपला न घालताच निघाले.

टाकीखाली त्याची माणसं डबे उघडून बसली होती. म्हणाली, की म्हातारा वर हवा खातोय, जेवायलाही उतरत नाही. मी वर पाहिलं. दादा परांचीच्या फळीवर बसला होता, एक हात बांबूभोवती गुंडाळून. मी हाका मारल्या. एवढी कड संपवतो आणि येतो, म्हणाला. ठके, ब्रश माझ्या पायाशी पडलेला होता. रंग वाळून गेला होता त्याच्यावर. कसली कड संपवणार होता हा?

मग मी ओरडून सांगितलं, की ठकीची तार आलीय, तिने लगेच उतरायला सांगितलंय. तेव्हा कुठे तो खरं बोलला. एवढ्या हळू, की तोवर त्याच्यापाशी चढून गेलेल्या माणसाने मला खाली सांगितलं. पाय येत नाहीत, म्हणाला. सकाळी वर चढल्यापासून येत नव्हते, आणि लाजेने तो कुणाला सांगत नव्हता. त्याला दोर बांधून, रंगाचा डबा उतरवतात तसा उतरवला. खाली आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते आणि माझ्या खांद्यावर सगळा भार. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, आणि ती पाहून डॉक्टर धावत आले. मी तुझी तार त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकदाच वाचली आणि शिरेतून कसली कसली सुई दिली. दुसऱ्या दिवशी दादाने पायाची बोटं हलवून दाखवली. वहिनी तेव्हा पहिल्यांदा रडली.

आता जे लिहिते त्याचीच मला जास्त भीती वाटते. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, की त्या मिठाने झालं. तो ऐकतच नाही. पोरीचं मीठ होतं म्हणून वाचलो, नाहीतर केव्हाच गेलो असतो, म्हणतो. जुनी गोळी त्यांनी बंद केली, नवीन गोळ्या दिल्या, त्या त्याने उशीखाली ठेवल्यात. ठकी लिहील तेव्हा घेईन, म्हणतो. परिचारिका समोर उभी राहिली की तोंडात टाकतो आणि पाठ वळली की काढून ठेवतो. मी रागावले, रडले, उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, की या गोळ्या चुकल्या तर पुन्हा तेच. खाली त्याने स्वतः लिहिलंय. त्याची अक्षरं तुला ठाऊकच आहेत, दुकानाच्या पाट्यांवरची.

तू तुझ्या परीने लिही, पण लगेच लिही.

आत्या

ठकी या गोळ्या घेऊ का. डॉक्टर मला ओळखत नाही. तू सांगशील तसं. मीठ संपलं दुसरं पाठव. बाबा


४ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज तार केली आहे: डॉक्टर देतील ती प्रत्येक गोळी घ्या. हे पत्र त्यामागून येतं आहे. तुम्हाला स्वतःला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते.

बाबा, तुमच्या पायांतलं बळ माझ्या मिठाने गेलं. डॉक्टर खरं सांगतात. मी पुस्तकाचं एक पान वाचलं आणि पुढचं पान उलटायच्या आधी पुडकं पोस्टात टाकलं. तुमची मूत्रपिंडं आणि गोळी, दोन्ही मला विचारात घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही, कारण मला वाटलं, की मला कळतं.

तुम्ही विचारता, गोळ्या घेऊ का? त्या गोळ्या मला माहीत नाहीत. मी आमच्या बाईंकडे गेले. त्यांनी बसवून घेतलं, सगळं विचारलं, आणि म्हणाल्या, की रुग्णाला न पाहता, त्याच्या रक्ताचा अहवाल न पाहता मी सांगणार नाही. बाबा, एवढ्या शिकलेल्या बाई म्हणाल्या, की मला माहीत नाही, जो डॉक्टर समोर आहे त्याला विचारा. हे वाक्य मी पहिल्याच महिन्यात शिकायला हवं होतं.

डॉक्टर तुम्हाला ओळखत नाही, हे खरं. मी ओळखते, म्हणून तर चुकले. मला तुमचा चेहरा दिसत होता, तुमचं रक्त दिसत नव्हतं. त्यांना तेच दिसतं.

भिंतीला रंगाचा पहिला हात वाळायच्या आत दुसरा देऊ नये, हे तुम्हीच मला सांगायचात. मी कॉलेज सोडणार नाही, आधी पहिला हात वाळू देते. पण पुन्हा कधी मी काही पाठवलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मी पाठवलं म्हणून तर नक्कीच दाखवा.

आईला सांगा, सगळ्यांच्याच पातेल्यात मीठ कमी घाल, मीही तीच भाजी खाईन, माझं वेगळं शिजवू नकोस. ताट मात्र सरकवू नका.

या पाकिटात पत्राशिवाय काही नाही. तुम्ही गोळी घेतलीत की उशीखाली ठेवलीत, हे मला इथून कळणार नाही, आणि तोवर मला कुठल्याच तासाला लक्ष लागणार नाही. आत्याने नको, तुम्ही लिहा. पाटीवरच्या अक्षरात एकच शब्द पुरे: घेतली.

तुमची,
ठकी